पुढच्या डाव्या चाकाचं दुखणं

माझ्या मागच्या सीटवर बसायचं असेल तर, मित्रांनो, घरी गेल्यावर कपडे झटकावे लागतील, हे आधीच सांगून ठेवते. तिथे शेळीचे केस आहेत, मेंढीची लोकर आहे, आणि एका हट्टी बोकडाने कुरतडलेला सीटचा कोपराही आहे. मी एका जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी आहे. रंग निळा, वय बरंच, तब्येत ठणठणीत. ही तब्येत मध्यंतरी बिघडली होती, आणि ती कशी ताळ्यावर आली तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे यंत्रांचे हात माझ्या पत्र्याला टाके घालत होते. शेवटी माणसं यायची, दारं उघडून मिटायची आणि ‘खट्’ असा नेमका आवाज आला की मान डोलवून पुढे जायची. मग शोरूममध्ये काचेआड उभी राहिले. कोणी नुसतं बोट लावलं तरी एक जण फडकं घेऊन धावत यायचा. अति लाडाने मी जरा शेफारलेच. वाटायचं, आपल्याला कोणीतरी मोठी साहेबीण नेणार आणि जन्मभर सावलीत उभं करणार.

आल्या त्या डॉक्टरीणबाई. त्यांनी माझ्या रंगाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डिकी उघडली, वितीने मोजली आणि विचारलं, “यात मेंढी मावेल का?”

विकणारा गृहस्थ मोठ्याने हसला. त्याला तो विनोद वाटला. पण त्याच आठवड्यात माझ्या डिकीत मेंढी मावली, आणि वर तिचं कोकरूही.

पुढची वर्षं मी नुसती धावले. कुठे गाय अडलेली, कुठे घोडा लंगडतोय, कुठे कुत्र्याने मोजा गिळलेला. चिखल, दगड, चढ, उतार, काही म्हणून चुकलं नाही. चकचकीतपणा केव्हाच गेला. पण वाडी-वस्तीवर पोहोचले की मुलं ओरडत सुटायची, “निळी आली! निळी आली!” शोरूममधल्या फडक्यापेक्षा मला ते जास्त आवडायचं.

मग एका उन्हाळ्यात माझ्या पुढच्या डाव्या चाकात काहीतरी खुपू लागलं. ब्रेक दाबला की आतल्या बाजूने कोणीतरी दात खातंय असं वाटायचं. आवाज इतका बारीक, की इंजिनाच्या घरघरीत विरून जाई. सांगणार कसं? बाईंचे सगळे रोगी मुके, तशीच मीही मुकी.

नेमकी तेव्हाच माझी सर्व्हिसिंगची वेळ झाली. बाई मला शोरूमच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेल्या. बरोबर त्यांचे सासरे होते. ते टपाल खात्यातून निवृत्त झालेले, आणि जगात कोणावरही विश्वास ठेवायचा नाही असं ठरवून बसलेले. दुकानदाराने ‘शुभ सकाळ’ म्हटलं, तर ते आधी बाहेर जाऊन सूर्य बघून येत.

तासाभराने तिथला सल्लागार आला. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब, चेहऱ्यावर काळजी. त्याने एका दमात वाचून टाकलं, “मॅडम, पुढचे ब्रेक पॅड बदलायचे, चारही टायर बदलायचे, बॅटरी बदलायची, इंजिनाची आतून सफाई, एसीची सफाई, आणि खालचे रबर बुश. सेफ्टीचा प्रश्न आहे. आजच करून घेतलेलं बरं.”

खालचा आकडा बघून बाई खुर्चीत मागे टेकल्या. तेवढ्या पैशांत एक दुभती गाय आली असती. गाभण जनावरांच्या पोटात डोकावायचं एक छोटं यंत्र घ्यायचं म्हणून त्यांनी पैसे बाजूला ठेवले होते. ते सगळे इथेच गेले असते. आणि आठवड्याभरात डोंगरावरच्या मेंढरांना लस टोचायला जायचं होतं. तो रस्ता म्हणजे नुसता उतार आणि वळणं.

“लूट आहे ही, सूनबाई!” सासरे उठून उभे राहिले. “डॉक्टर सर्दीवर सहा गोळ्या देतात ना, त्यातला प्रकार. चल, गाडी काढ.”

आम्ही निघालो. मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला होता. त्या यादीतलं बरंचसं मला लागत नव्हतं, हे खरं. पण ब्रेकचं खरं होतं! मी वाटेत प्रत्येक सिग्नलला जमेल तेवढी कुरकुरले. सासऱ्यांनी रेडिओ मोठा केला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला ओळखीच्या गॅरेजवर नेलं. तिथल्या मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणत. माणूस प्रेमळ, हात सोन्यासारखा, पण घाईत असला की जरा वरवरचं बघायचा. तो माझ्या चाकाशी उकिडवा बसला, फटीतून बॅटरीचा झोत टाकला आणि हसला.

“अहो ताई, पॅड कसं जाडजूड आहे. खुशाल जा डोंगरावर. त्या शोरूमवाल्यांचं मनावर घेऊ नका.”

“बघ, मी म्हणत नव्हतो?” सासरे खूश झाले. त्यांनी उस्तादच्या पाठीवर थाप मारली. विश्वासाच्या बाबतीत त्यांच्याकडून एवढी उधळपट्टी मी पहिल्यांदाच पाहत होते.

बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. “उस्ताद, चाक काढून बघितलंत?”

“चाक कशाला काढायचं? बाहेरून दिसतंय की.”

“मला लोक फोनवर सांगतात, गाय अगदी चांगली आहे, नुसतं खात नाही. मी जाऊन तिला हात लावल्याशिवाय औषध देत नाही, आणि चांगली आहे असंही म्हणत नाही. काढा चाक.”

उस्ताद पुटपुटत उठला. जॅक लागला, नट सुटले, चाक निघालं. बाहेरचं पॅड खरंच जाडजूड होतं. मग त्याने मान वाकडी करून आतल्या बाजूला पाहिलं, आणि त्याचं पुटपुटणं थांबलं. आतलं पॅड कागदासारखं झालं होतं. ज्या पिनेवर ब्रेकचा जबडा सरकतो ती गंजून अडकली होती. त्यामुळे बाहेरचं पॅड आरामात होतं आणि सगळी झीज आतल्याच्या वाट्याला आली होती.

“ताई, चुकलो,” उस्ताद कपाळाला हात लावत म्हणाला. “हे लोखंडाला लागायच्या बेतात आहे. उतारावर दगा दिला असता.”

सासऱ्यांनी चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसत राहिले.

“म्हणजे त्यांचं एक तरी खरं होतं,” बाई म्हणाल्या. “आता बाकीचंही नीट बघू.”

मग माझी काय तपासणी झाली म्हणता! टायरच्या खाचेत रबराचा एक छोटा उंचवटा असतो; झिजून टायर त्याच्याशी सपाट झाला की तो बदलायचा. माझ्या टायरचं रबर अजून त्या उंचवट्याच्या चांगलं वर होतं. बॅटरीला यंत्र लावलं, ती ठणठणीत निघाली. इंजिनाच्या सफाईचं कंपनीच्या पुस्तकात कुठे नावही नव्हतं. चाकांच्या सांध्यांतले रबर बुश पहारीने हलवून पाहिले. बारीक चिरा होत्या, पण ढिले नव्हते. आणि एसी? तो उत्तम होता. वास बोकडाचा होता.

उस्तादकडे माझ्या मापाचे पॅड नव्हते. त्याने पिन मोकळी केली, हळू चालवा म्हणून बजावलं, आणि बाई मला जवळच्याच त्या शोरूमवर परत घेऊन गेल्या. बाईंना पाहताच सल्लागार सावध झाला. भांडण होणार असं त्याला वाटलं असावं.

“ब्रेकचं तुमचं अगदी बरोबर होतं,” बाई म्हणाल्या. “त्याबद्दल मनापासून आभार. आता बाकीचं मला गाडीजवळ येऊन दाखवा.”

तो आला. टायरपाशी वाकला, उंचवटा पाहिला, कान लाल झाले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, “खरं सांगू, मॅडम? ब्रेक आमच्या मेकॅनिकने उघडून बघितले होते. बाकीचं गाडीचं वय टाकलं की कॉम्प्युटरच सुचवतो. मी वाचून दाखवतो.”

“पण सगळं एकाच सुरात वाचलंत ना! नको असलेल्या गोष्टींच्या गर्दीत गरजेची गोष्ट हरवली. आम्ही सगळीच यादी कचऱ्यात टाकणार होतो. घोडा आजारी असला की मी मालकाला आधी सांगते, आज काय केलंच पाहिजे. मग काय थांबेल. आणि काय मुळीच नको, तेही सांगते.”

“मॅडम, नको म्हणून सांगायला आम्हाला कोणी शिकवतच नाही,” तो म्हणाला, आणि स्वतःच हसला. बाईही हसल्या. त्याने तिथल्या तिथे ब्रेकखेरीज सगळं खोडलं. रबर बुशपुढे ‘पुढच्या वेळी पुन्हा बघणे’ असं लिहिलं. नवे पॅड बसले, पिनेला वंगण मिळालं, आणि जुने पॅड बाईंनी मागून घेतले आणि हातात धरून बघितले. मला तर दात काढल्यावर ठणका थांबावा तसं झालं.

आठवड्याने आम्ही डोंगरावर गेलो. येताना शेवटचं वळण घेतलं आणि समोर अख्खा रस्ताभर मेंढरं! बाईंनी ब्रेक दाबला. सासऱ्यांनीही दोन्ही पाय दाबले, जणू एक ब्रेक त्यांच्याही बाजूला होता. मी सरळ रेषेत, मुकाट, जागच्या जागी थांबले. एक कोकरू पुढे आलं आणि माझी नंबरप्लेट हुंगू लागलं.

मेंढपाळ धापा टाकत आला. “ब्रेक झकास आहेत हो तुमचे!”

“असणारच,” सासरे काच खाली करून ऐटीत म्हणाले. “आमच्या शोरूमवाल्याने वेळेवर सांगितलं होतं.”

बाईंनी तोंड दुसरीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

तर मित्रांनो, आमच्यासारख्यांना जीभ नसते. आमच्या वतीने कोणी लांबलचक यादी वाचून दाखवली तर घाबरू नका आणि चिडूही नका. जवळ या, वाका, हात लावा. समजेपर्यंत विचारा; विचारण्यात लाज कसली? सगळे चोर म्हणणं सोपं, सगळे देव म्हणणंही सोपं. एकेक गोष्ट उघडून बघणं तेवढं कष्टाचं. ते कष्ट ज्यांनी घेतले त्यांची आम्ही कधी अडवणूक करत नाही.

बरं, आता निघते. पलीकडच्या वस्तीवर एका गाढविणीचे दिवस भरलेत. पहिल्यांदाच वितेय बिचारी, आणि मालक तिच्यापेक्षा जास्त घाबरलाय. बाईंनी किल्ली फिरवली आहे.