पोटदुखी

पन्नाशी उलटली तरी वत्सलाबाईचे केस कमरेखाली यायचे. त्या केसांचा तिला भारी तोरा. पण तेल लावायला हात कुठून आणणार? संधिवातानं बोटांचे आल्याचे गड्डे झालेले. पाठची बहीण भिमाबाई दर आठवड्याला हरसूलहून एसटीनं पंचवटीत यायची, नागलीच्या भाकरी आणायची आणि आक्काचे केस विंचरून घट्ट वेणी घालायची.

वेणी चालली की वत्सलाबाई त्या चपळ बोटांकडे आरशातून बघत बसायची. वर तिचा नवरा भाकरी मोडता मोडता म्हणायचा, "हात असावेत तर भिमीसारखे." एकदा नाही, दर खेपेला. मेल्याला दुसरं काही सुचायचंच नाही.

एकदा भिमाबाई तिच्यासोबत दवाखान्यात गेली. डॉक्टर पल्लवींनी सहज तिचेही हात दाबून पाहिले. एक सांधा किंचित सुजलेला वाटला, डोळे तर पांढरेफटक. त्यांनी रक्त आणि शौच तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा भिमाबाई भाताच्या आवणीत, रोपं लावण्यात गुंतली होती, म्हणून वत्सलाबाई एकटीच गेली.

"वत्सलाबाई, तुमचाच आजार बहिणीच्याही रक्तात आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण त्यांच्या पोटात जंत आहेत. चिखलात अनवाणी राबतात ना, तिथून शिरतात. आपल्या रक्तात शिपाई पेशी असतात. तुमचे शिपाई वेडे होऊन तुमच्याच सांध्यांवर तुटून पडतात. जंत आपला जीव वाचवायला या शिपायांना झोपवून ठेवतात. उंदरांमध्ये हे दिसलंय. माणसाचं खात्रीनं सांगता येत नाही, पण तुमच्या बहिणीचे हात त्यामुळेच वाचले असावेत."

"मंग मलाबी द्या की थोडे जंत."

डॉक्टर हसल्या. "ते त्यांचं रक्त पितायत, बाई. काढावेच लागतील. पण आधी सांध्यांचं औषध सुरू करू, ते लागू पडलं की मग जंताची गोळी. उलटं करू नका. त्यांना घेऊन या."

जंत भिमाबाईच्या पोटात होते, दुखत मात्र वत्सलाबाईच्या पोटात होतं. डॉक्टरांच्या एवढ्या बोलण्यातलं 'उलटं' तेवढं तिनं नीट लक्षात ठेवलं. येताना मेडिकलमधून जंताच्या गोळ्या घेतल्या.

भिमाबाईच्या घशाखाली गोळी उतरत नसे. वत्सलाबाईनं ती चुरून गुळात कालवली.

"डॉक्टरीण काय म्हणली गं, आक्का?"

"काय नाय. पोटात जंत हायत. हे खा, लय ताकद येईल."

भिमाबाईनं लहानपणीसारखा आ केला. बोटांत घास धरवेना, तेव्हा वत्सलाबाईनं तो तळहातानं तोंडात लोटला.

गोळी लागू पडली. भिमाबाईच्या तोंडावर तुकतुकी आली, चढ चढताना धाप लागेनाशी झाली. बहीण असावी तर अशी, असं हरसूलच्या बाजारात बायका म्हणू लागल्या. दिवाळीला भिमाबाईची मनगटं सुजली. पुढच्या आवणीला रोपाची मूठ हातात ठरेना. वत्सलाबाई म्हणाली, "वय झालं तुझं. चालायचंच." नवऱ्यानं हातांचं नाव काढणं सोडलं. वत्सलाबाईला इतकं बरं वाटलं की ती त्या दिवशी दोन घास जास्तच जेवली.

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात, ते असं. वेणी घालायला कोणी उरलं नाही. नोकरीवर जाणाऱ्या सुनेला, सरिताला, सवड नव्हती. केसांत गुंता झाला, मग उवा. एका रविवारी सरितानं सासूला मोरीत बसवलं आणि कात्री घेतली.

तेवढ्यात भिमाबाई आली, भाकरीवाचून. "थांब गं पोरी, मी करते," म्हणत तिनं कंगवा उचलला. तो पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. ती वत्सलाबाईच्या पाठीला डोकं टेकून हमसाहमशी रडली.

"आक्का, तूच मला बरी केलीस गं. पण एखादा जंत राहिलाच आसंल पोटात. त्यो हातात उतरलाय. आजून एक गोळी दे ना."

वत्सलाबाईच्या मांडीवर पहिला झुपका पडला. भिमाबाईला आतातरी डॉक्टरांकडे नेलं असतं तर तिचे दोन हात अजून थोडे वाचले असते, आणि सगळं उघडं पडलं असतं.

"सरिता," ती म्हणाली, "फळीवरच्या डब्यातली गोळी दे मावशीला. गुळात घालून दे."