पॅसेजमधलं कपाट

चिऊच्या कपाळाला हात लावला तर चटका बसत होता आणि घरात थर्मामीटर सापडत नव्हता. एक नाही, चांगले तीन थर्मामीटर होते घरात. हॉस्पिटलच्या औषधांच्या दुकानात नोकरी करणाऱ्या बाईच्या घरी थर्मामीटर नसेल तर कोणाच्या घरी असेल? पण वस्तू घरात असणं वेगळं आणि वेळेला हाताशी लागणं वेगळं.

सूनबाईनं सगळे खण उपसले. वरचं कपाट उघडलं तर जुन्या चादरींचं गाठोडं अंगावर आलं आणि त्यामागोमाग बंद पडलेली इस्त्री. पलंगाखालच्या पेट्या ओढून काढल्या. शेवटी हाताच्या अंदाजानंच पोरीला औषध दिलं. संध्याकाळी ताप उतरला, तेव्हा उपसलेल्या पसाऱ्यात ती मटकन बसली.

"या घरात जागाच नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "मी तरी काय करू? कुठं ठेवू एवढं सगळं?"

नवरा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक मारून तो घरी यायचा, त्यामुळे घरात त्याला वाद नको असायचा. "मग कपाट करून घेऊ," तो म्हणाला. "पॅसेजची एक भिंत मोकळीच आहे. खालपासून छतापर्यंत करू. एकदाचा प्रश्न मिटेल."

हॉलमध्ये खुर्चीत बसलेले आप्पा, म्हणजे तिचे सासरे, हे ऐकत होते. आप्पा निवृत्त बस कंडक्टर. मांडीचं हाड मोडल्यापासून वॉकर घेऊन चालत, पण जीभ अजून डबल घंटी मारायची.

"सूनबाई, आमच्या मार्गावर एकदा मोठी बस आली," ते म्हणाले. "आम्हाला वाटलं, सुटलो गर्दीतून. कसलं काय! आठवडा गेला नाही तोच तिलाही माणसं लोंबकळायला लागली. जागा दिसली की चढणारे चढतातच. सामानाचंही तसंच असतं."

"सामानाला काय पाय असतात, आप्पा?"

"त्याला नसतात. आपल्याला असतात ना बाजारात जायला."

सगळे हसले आणि दुसऱ्याच आठवड्यात सुतार आला.

माप घेताना सुतारानं विचारलंही होतं, की या पॅसेजमधून आजोबांना जायला अडचण नाही ना होणार? आप्पांची खोली पॅसेजच्या त्या टोकाला. न्हाणीघर तिकडेच, स्वयंपाकघर, जेवणाचं टेबल आणि बाल्कनी या टोकाला. सूनबाईनं आप्पांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद आप्पांना दिसत होता. "अहो, मी भरल्या बसमधून तिकिटं फाडत गेलेला माणूस," ते म्हणाले. "मी कुठूनही जातो."

कपाट झालं. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, चकचकीत मुठींचं. सूनबाईनं सगळं सामान आत लावलं. पुढचे काही दिवस ती कामावरून आली की चप्पल काढायच्या आधी एकदा कपाटाची दारं उघडून बघायची. शेजारणींनाही तिनं ते कौतुकानं दाखवलं. पॅसेजमधून जाताना सगळ्यांना जरा तिरकं व्हावं लागायचं, पण त्याची सवय झाली.

मग रिकाम्या फळ्या तिला बघवेनात. सेलमध्ये चादरींचे जोड आले. 'ठेवायला आता जागा आहे' म्हणून मिक्सरचा खोका राहिला, टीव्हीचा राहिला, चिऊचे आखूड झालेले कपडे राहिले. नवऱ्यानं गॅरेजमधून गाड्यांचे जुने आरसे आणून ठेवले. वर्ष सरायच्या आत कपाटाची दारं दाबून लावावी लागू लागली आणि थर्मामीटर पुन्हा सापडेनासा झाला.

या सगळ्यात आणखी एक गोष्ट झाली होती. तिचं कारण कोणाच्या ध्यानात आलं नाही. आप्पा त्यांच्या खोलीतच जेवायला लागले होते.

"सूनबाई, माझं ताट इकडेच पाठव गं. टेबलावर बसवत नाही आता," एके दिवशी ते म्हणाले. तिला वाटलं, वय झालं. खरं सांगायचं तर तिला थोडं बरंही वाटलं. आप्पा सावकाश जेवायचे आणि तिची दुकानात जायची घाई असायची. चिऊ ताट नेऊन द्यायची. हळूहळू आप्पांचं बाल्कनीत बसणंही सुटलं. खालून जाणाऱ्या ओळखीच्या माणसांना हाका मारणं सुटलं. वॉकर खोलीच्या कोपऱ्यात उभा असायचा आणि त्याच्यावर टॉवेल वाळायचा.

"आप्पा अलीकडे फार गप्प झालेत," नवरा एकदा म्हणाला.

"होतं या वयात," सूनबाई म्हणाली. विषय तिथंच संपला.

पुढे नणंद राहायला आली. नवऱ्याची ही मोठी बहीण, बोलायला सडेतोड. पहिल्याच दुपारी तिनं फर्मान काढलं, "आप्पा, मी एवढ्या लांबून आले ती तुम्हाला खोलीत ताट पाठवायला नाही. टेबलावर या. मी पानं घेतेय."

आप्पांनी नको-नको म्हणून पाहिलं, पण लेकीपुढे त्यांचं काही चाललं नाही. नणंद स्वयंपाकघरात गेली. सूनबाई टेबलापाशी पाणी ओतत होती. पॅसेजमधून वॉकरचा टक-टक आवाज यायला लागला आणि मग थांबला.

"आप्पा?"

तिनं वळून पाहिलं. आप्पा पॅसेजच्या मध्यावर उभे होते. वॉकरची एक बाजू कपाटाच्या मुठीला अडली होती, दुसरी भिंतीला. ते वॉकर उचलून तिरका करू बघत होते. त्यात तो पक्का अडकला. आणि त्यांचे पाय थरथरायला लागले.

सूनबाई धावली. पण जाणार कुठून? मध्ये वॉकर, बाजूला कपाट. तिनं हात लांब केला. तो आप्पांच्या मनगटापर्यंत जेमतेम पोचला. नणंदही धावत आली आणि तिच्या पाठीमागेच अडकली, कारण तिथं दोन माणसं शेजारी-शेजारी उभीच राहू शकत नव्हती.

"धरा आप्पा, घट्ट धरा!"

"धरतोय गं," आप्पा शांतपणे म्हणाले. "पण गुडघे ऐकत नाहीत."

दोघी बघत राहिल्या आणि आप्पा भिंतीला पाठ घासत हळूहळू खाली बसले. लागलं नाही फारसं. पण ते जमिनीवर बसलेले, पुढ्यात अडकलेला वॉकर आणि आपण हातभर अंतरावर असून काही करू शकत नाही, हे सूनबाईला सहन होईना. शेवटी शेजारच्या माणसाला हाक मारून वॉकर उचकटून काढला, तेव्हा त्यांना उठवता आलं.

आप्पा पलंगावर टेकल्यावर नणंदेनं त्यांचे हात पाहिले. बोटांच्या पेरांवर खरचटल्याचे जुने व्रण होते.

"हे कधीचं?"

"सुरुवातीला तिरका होऊन यायचो की," आप्पा म्हणाले. "मुठी लागायच्या. मग म्हटलं, कशाला सगळ्यांचा खोळंबा?"

"मला सांगायचं ना, आप्पा," सूनबाई म्हणाली.

"काय सांगू? तू किती खूश होतीस त्या कपाटावर."

ती बाहेर आली आणि कपाटासमोर उभी राहिली. राग कोणावर काढावा, तेही तिला कळेना. मागून नणंद आली.

"ताई, मी मुद्दाम नाही केलं हो. पण सामान ठेवणार तरी कुठं?"

"मुद्दाम कोणीच करत नाही," नणंद म्हणाली. तिनं कपाटाचं दार उघडलं. "हा खोका कशाचा?"

"मिक्सरचा. कधी दुरुस्तीला द्यावा लागला तर..."

"आणि मिक्सर?"

"तो मोडला. भंगारात दिला."

बोलता बोलता सूनबाईनं तो रिकामा खोका आणखी आत सरकवला.

"वहिनी, दुकानात तारीख उलटलेल्या औषधांचं काय करतेस? त्यांच्यासाठी नवी फळी करून घेतेस?"

"काढून टाकते."

"मग घरात का नाही? तुला जागा कमी पडत नाहीये गं. 'कधीतरी लागेल' म्हणून आपण वस्तूंना घरात घेतलं. आणि ज्याला आज, आत्ता चालायला वाट लागत होती, त्याला आपण आत सरकवलं. माझ्याही घरी असंच भरलंय, म्हणून तुला बोलायला जीभ रेटत नाही. पण हे असंच आहे."

सूनबाईनं एक चादर हातात घेतली, परत ठेवली. दुसरी वस्तू घेतली, तीही ठेवली. प्रत्येकीला काही ना काही कारण होतं. तिला रडू कोसळलं. एवढं सगळं आपणच आणलं, आणि आता आपल्याच्यानं यातलं एक उचलवत नाही, याचीच तिला जास्त भीती वाटली.

संध्याकाळी नवरा आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग उठून त्यानं सुताराला फोन लावला.

कपाट निघालं. सामानाचा डोंगर हॉलमध्ये आला आणि कितीतरी दिवस तिथंच राहिला. काही वस्तू गरजूंना गेल्या, काही भंगारात, आणि काही सूनबाईनं रडत-रडत पुन्हा उचलून आत ठेवल्या. एकदम जमलं नाही. अजूनही पूर्ण जमलेलं नाही.

डॉक्टरांनी आप्पांना तपासलं. इतके महिने बसून राहिल्यानं पायांतली ताकद गेली होती. व्यायाम सुरू ठेवा, म्हणाले, पण पूर्वीसारखं चालणं कठीण आहे. "थोडं आधी आणलं असतंत तर," म्हणत त्यांनी फाइल मिटली.

आता पॅसेजमधून चाकांची खुर्ची कुठंही न लागता जाते. रोज जेवायच्या वेळी सूनबाई ती ढकलत टेबलापर्यंत आणते. पहिल्या दिवशी आप्पा टेबलाशी बसले, तेव्हा तिनं त्यांचे पाय पायफळीवर नीट ठेवले आणि तिथंच वाकून राहिली.

"मला माफ करा, आप्पा."

आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जेव आता. निवतंय सगळं."

मंडळी, आपल्यापैकी किती जणांच्या घरात आज नव्या कपाटाचं माप घेतलं जात असेल! जरूर घ्या. पण त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या खोलीपासून जेवणाच्या टेबलापर्यंत एकदा चालायला सांगा, आणि त्याच्या मागे-मागे आपणही चाला. पसारा जागा कमी पडल्यामुळे होत नाही, आपल्याला सोडता येत नाही म्हणून होतो. जागा वाढवली की तोही वाढतो, आणि त्याला लागणारी जागा शेवटी कोणा ना कोणा माणसाच्या वाट्यातून जाते. कपाट सुतार दुपारभरात काढून देतो. आप्पांचं चालणं सूनबाईला कोणीच परत आणून दिलं नाही.