जाळीत अडकलेले कण

मी चाळणी बोलतेय. पिठाची नव्हे. नाक मुरडण्याआधी नीट बघून घ्या: पितळी कडं, वीतभर रुंदी आणि तळाला इतकी बारीक जाळी की पाणीसुद्धा विचार करून उतरतं. दगड कुटून त्याचा पिठासारखा चुरा करायचा, तो माझ्यातून गाळायचा आणि भट्टीत वितळवून आत धातू किती ते वजन करून बघायचं, असं हे काम. अंगभर भोकं असूनही ताठ मानेनं जगलेय मी.

जन्म कारखान्यातला. एका चष्मेवाल्या तपासनिसानं भिंगाखाली धरून माझी भोकं तपासली आणि कडेवर शिक्का मारला. तिथून मी एका कॉलेजच्या धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेत आले. पहिली पाच वर्षं कपाटातच गेली. परीक्षा आली की पोरं मला बाहेर काढायची, वहीत माझं चित्र काढायची आणि परत ठेवून द्यायची. नुसतं बसून गंजणं काय असतं, ते मला विचारा.

मग बाई आल्या. धातुशास्त्र शिकवणारी त्या कॉलेजातली पहिलीच बाई. पहिल्या दिवशी मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "गृहविज्ञान शेजारच्या इमारतीत आहे, मॅडम." बाईंनी मला उचललं आणि त्याच्या हातात दिलं. "बरं झालं तोंड उघडलंस. ये, चाळायला लाग." तासभर चाळत होता. पुढे तोच वर्गात पहिला आला, ते सोडा.

बाईंचा एक नियम होता. एक नमुना चाळून झाला की मला उलटं करून टिचकी मारायची, खालून कुंचला फिरवायचा, उजेडाकडे धरून बघायचं आणि शेवटी मूठभर कोरी वाळू चाळायची. कोरी म्हणजे जिच्यात धातूचा कणही नाही अशी. कारण सोनं मऊ. कुटलं तरी फुटत नाही, चपटं होतं आणि माझ्या भोकांत रुतून बसतं. ते पुढच्या नमुन्यात पडलं की कंगाल दगडही श्रीमंत दिसतो.

बारा वर्षं शिकवल्यावर बाईंनी राजीनामा दिला. "खाणीत पाऊल न टाकता धातुशास्त्र शिकवतेय, मलाच लाज वाटते," म्हणाल्या. निरोपाला काय भेट देऊ, असं कॉलेजनं विचारलं. "ती चाळणी द्या."

बाई गेल्या ती खाण सोन्याची होती. प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची लांब खोली, एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला काचेच्या पेटीत तराजू. भट्टी मामा सांभाळायचे. सगळे त्यांना मामाच म्हणत. एकदा चुकून त्यांच्या बायकोनंही म्हटलं होतं म्हणे. बाई आल्या तेव्हा मामा कुरकुरले, "आता भट्टीपुढं पुस्तक वाचून दाखवणार का?" आठ दिवसांत स्वतःहून बाईंचा चहा आणायला लागले.

सात वर्षं बरी गेली. मग जुनी शीर, म्हणजे दगडातला सोन्याचा पट्टा, आटत आली. खाण बंद होणार, असं बोललं जाऊ लागलं. शेवटची आशा म्हणून खोलवर एक नवं भोक पाडलं. त्यातल्या वरच्या, मधल्या आणि खालच्या दगडांच्या तीन पिशव्या आल्या आणि त्यांच्यामागोमाग मॅनेजरसाहेबही आले. दारात उभं राहून घड्याळ बघत होते.

त्याच सकाळी बाईंनी जुन्या शिरेचा एक सोन्यानं भरलेला नमुना चाळला होता. टिचकी मारली, कुंचला फिरवला. "बाई, किती वेळ?" साहेब म्हणाले. कोरी वाळू राहिली. उजेडाकडे धरणंही राहिलं. मला बोलता येत असतं तर ओरडले असते. चूक माझी नव्हती, पण होती माझ्याच पोटात.

निकाल लागले: टनाला नऊ ग्रॅम, पाच ग्रॅम, तीन ग्रॅम. साहेबांनी तिथूनच वर फोन लावला. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळलं की खाण वाचली. मामांनी बाईंचे हात धरले. त्यांचे दोन्ही जावई त्याच खाणीत होते.

दुसऱ्या दिवशी बाई वही घेऊन बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत.

"मामा, काल पिशव्या कुठल्या क्रमानं दिल्यात मला?"

"हाताला आल्या तशा. आधी मधली, मग खालची, मग वरची. का?"

"त्याच क्रमानं सोनं कमी होत गेलंय. नऊ, पाच, तीन. जमिनीतलं सोनं आपल्या टेबलाचा क्रम कसा पाळेल हो?"

बाईंनी मला उजेडाकडे धरलं. कडेला दोन पिवळे ठिपके अजून होते.

प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग न चाळता डब्यात जपून ठेवायची पद्धत होती. ते तिन्ही अर्धे भाग बाईंनी चाळून वितळवले, या वेळी प्रत्येकाआधी कोरी वाळू घालून. काहीच निघालं नाही. सोनं म्हणावं असं काहीच नाही.

"बाई," मामा हळूच म्हणाले, "गप्प बसलात तर कोण विचारतंय? दोन-तीन वर्षं तरी खोदतील. तेवढी वर्षं पोरांना काम मिळेल."

"आणि तेवढ्या खोल, कच्च्या दगडात, तुमचे जावई उतरतील. नसलेलं सोनं शोधायला."

मामांनी भट्टीचं दार आपटलं.

साहेब तर तडकलेच. "काल तुम्हीच सोनं दाखवलंत, आज तुम्हीच गिळताय? माझी काय इज्जत राहिली?"

"तुमची आहे तशीच राहील. अहवालावर लिहा, चूक बाईंची. कोरी वाळू घातली नाही. सही मी करते."

केली सही. दीड वर्षानं खाण बंद झाली. वस्तीत लोक बाईंना बघून रस्ता बदलायचे. मामा शेवटच्या दिवसापर्यंत कामापुरतं बोलले. चहा पुन्हा आणला नाही. बाई कुणापुढं रडल्या नाहीत. माझ्यापुढं रडल्या का, ते मी सांगणार नाही.

त्या परत कॉलेजात आल्या, मलाही आणलं. नव्या वर्गाचा पहिला तास दरवर्षी वहीतल्या त्याच पानाचा: नऊ, पाच, तीन. "यात चूक शोधा." पोरं पुस्तकं उलटीपालटी करायची. मग बाई सांगायच्या, चूक कुणाची ते.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा प्राचार्यांनी भाषण आधी वाचायला दिलं. शोधनिबंध, पुरस्कार, सगळं होतं. बाईंनी पेन मागितलं. "यात ती चूक कुठाय?" "अहो मॅडम, आजच्या दिवशी कशाला?" "मग माझ्याबद्दल बोलताय कशाला?" बाईंनी ती चूक लिहून घातली आणि प्राचार्यांनी ती वाचली. सभागृहात मागं एक म्हातारा बसला होता. मामाच. टाळ्या वाजवल्या नाहीत त्यांनी, पण शेवटपर्यंत बसले.

आता माझी जाळी एका कडेला फाटलीय. जाण्याआधी बाईंनी स्वतःच माझ्यावर कागद चिकटवला: वापरू नये. मला त्याचं वाईट वाटत नाही. बिघडलेल्या वस्तूनं चांगली असल्याचा आव आणून कुणाला खड्ड्यात उतरवू नये.

तुमच्या हातात माझ्यासारखी एखादी असेल तर तिला उजेडाकडे धरा. दारात कुणी घड्याळ बघत उभं असेल, तर थोडं जास्त वेळ धरा.