अंधारात ठेवलेली बाटली

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पंखे नुसतेच गरगरत होते, घामाचा वास कोंदला होता आणि दीडशे माणसं एका मोठ्या दिव्याकडे आ वासून बघत होती. दिव्याशेजारी तेजगुरू. अंगात डॉक्टरी पांढरा कोट, गळ्यात माळ. म्हणजे दोन्हीकडची गिऱ्हाइकं सांभाळलेली.

"ही बाटली गटाराच्या पाण्याची!" ते गरजले. "हे माझं तेजचूर्ण. टाकलं चिमूटभर. आता दहा मिनिटं उजेड! औषध पोटात जातं, उजेड पेशीत जातो. उजेड पडला की कामाला लागणारं द्रव्य! फोटोकॅटॅलिस्ट म्हणतात याला, मोठमोठ्या प्रयोगशाळांत!"

मग त्यांनी आदल्या दिवशीच्या पाण्याच्या दोन काचेच्या बशा नाचवल्या. जंतू वाढावेत म्हणून या बशांत खास जेल घातलेलं असतं. साध्या पाण्याच्या बशीत जंतूंचे ठिपकेच ठिपके, तेजपाण्याची बशी लख्ख. टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत माझा दादा टाळ्या वाजवत होता. त्याचा उजवा पाय स्टुलावर होता आणि पावलावरच्या जखमेवर तेच चूर्ण थापलेलं होतं.

दादा वेल्डर. त्याला साखरेचा आजार, त्यात ठिणगी पडून पाऊल भाजलं. डॉक्टरांनी रोज ड्रेसिंग आणि इंजेक्शनं सांगितली होती. नऊ दिवसांपासून दोन्ही बंद. मी कामानिमित्त बाहेरगावी होते, त्याच दिवशी परतले. जखमेचा वास आला तशी मी वहिनीचा हात धरला.

"वहिनी, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. पाय जाईल त्याचा!"

"वन्सं, उजेडानं जंतू मरतात हे तुम्हीच सांगत होतात ना? जेवताना तासभर! आता गुरुजी तेच करतात, तर ते खोटं?"

"आणि उजेडाची ताकद मला शिकवू नकोस," दादा म्हणाला. "जन्म गेला माझा त्यात."

वहिनी खोटं बोलत नव्हती. मी प्रयोगशाळेत जंतू वाढवून मोजते. आमच्याकडे फोटोकॅटॅलिस्टचा लेप दिलेल्या फरशा तपासायला येतात. खोलीतला साधा उजेड पडला, की त्या लेपावर हवा-पाण्यातून असं काही तिखट द्रव्य तयार होतं, की फरशीवरचे जंतू मरतात. पण त्याला तासन् तास लागतात, आणि मरतात ते फरशीला टेकलेलेच. मांसात खोल शिरलेल्यांना त्याची झळही लागत नाही. ही शेवटची गोष्ट मी जेवताना सांगितली नव्हती. फुशारकी मारताना कोण सांगतं?

"गुरुजी खोटे असतील तर डोळ्यांनी दाखवा, मग येतो आम्ही," वहिनी म्हणाली.

मी उभी राहिले. "गुरुजी, गटाराच्या पाण्याच्या एका बाटलीत चूर्ण घालून ती या खोक्यात बंद करू या. उजेड अजिबात नको. दुसरी चूर्णाशिवाय दिव्याखाली ठेवू."

"कशासाठी?"

"जंतू उजेडानं मरतात म्हणता ना? मग अंधारात जगले पाहिजेत."

तेजगुरू हसले, पण मागून शेजारच्या दुकानातला न्हावी ओरडला, "होऊन जाऊ द्या!" आता माघार घेता येईना. दहा मिनिटांनी दोन्ही बाटल्यांतलं पाणी मी माझ्या कामाच्या बॅगेतल्या तसल्याच बशांत घातलं आणि बशा न्हाव्याच्या कपाटात कुलूपबंद केल्या.

ठिपके उठायला एक दिवस लागतो. तो दिवसभर दादा तापानं फणफणत होता. वहिनी हलेना, आणि खरं सांगायचं तर मलाही तेजगुरूची फजिती चारचौघांत बघायची होती.

दुसऱ्या संध्याकाळी न्हाव्यानं बशा काढल्या. अंधारातल्या बाटलीची बशी लख्ख. नुसत्या दिव्याखालच्या पाण्याच्या बशीत ठिपक्यांची दाटी.

"म्हणजे दिवा काही करतच नाही?" न्हाव्यानं विचारलं.

"काहीच नाही. जे करतं ते चूर्ण. हुंगून बघा."

डबी हातोहात फिरली. अत्तराच्या वासाखाली दुसराच वास होता. "अगं बाई, ही तर टाकी धुवायची ब्लीचिंग पावडर!" एक बाई किंचाळली. त्या पावडरीनं गटाराच्या पाण्यातले जंतू मरणारच. आणि दहा दिवस तीच पावडर दादाचं उघडं मांस जाळत होती.

"माझं तेज अंधारालाही भेदतं!" तेजगुरू ओरडले. सांगायला लाज वाटते, पण यावरही चार-पाच टाळ्या पडल्या.

वहिनी मात्र उठली होती. दवाखान्यात सर्जननी पट्टी सोडली आणि विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?" दुसऱ्या दिवशी दादाचा पाय गुडघ्याखाली कापला.

तेव्हा कुणी चमत्कार दाखवला, तर टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारा: यातला दिवा, मंत्र, गुरू काढून घेतला तर काय होतं? हे विचारायला पदवी लागत नाही. पण घरात माणूस आजारी असेल तर हेही विचारत बसू नका. आधी त्याला उचलून दवाखान्यात न्या, वाद मागाहून घाला. मी आधी वाद जिंकले. दादा आता कुबडीवर चालतो, आणि त्याबद्दल मला एका शब्दानंही बोलत नाही.