माझी वीतभर उंची

मी उंबरठा बोलतोय. कोपरीतल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या लांब गॅलरीत शेवटून तिसरं दार आहे ना, तिथला. घाईघाईत बोललो तर सांभाळून घ्या. दोन महिने सगळं कळत होतं आणि तोंड उघडता येत नव्हतं.

मी जातीचा कडप्पा. कळव्यात एका दगडवाल्याच्या दुकानामागे, कुणाच्या तरी ओट्यातून उरलेला तुकडा म्हणून पडलो होतो. गॅलरीतलं पाणी घरात शिरतं म्हणून सुमतीबाईंच्या यजमानांनी मला आणलं आणि विटांच्या दोन थरांवर बसवलं. झालो वीतभर उंच! पुढे यजमान गेले. सुमतीबाई रोज सकाळी मला पुसायच्या, हळदकुंकू वाहायच्या. कुणी माझ्यावर पाय दिला की त्यांचा आवाज चढायचा, "उंबरठा आहे तो, पायरी नव्हे!" मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

त्यांची सून हेमांगी शाळेत विज्ञान शिकवते. हातात डबा, खांद्याला पर्स, दातांत केसांची पिन, अशी ती मला एका ढांगेत ओलांडून जायची. गरोदर राहिली तरी ढांग तशीच.

सातव्या महिन्यात सुमतीबाई म्हणाल्या, "उकिडवं बसून फरशी पुसत जा गं. सुटका मोकळी होते. मी सलिलच्या वेळी नवव्यापर्यंत पुसली." वाईट हेतू नव्हता त्यांचा. स्वतःला जे लाभलं तेच देत होत्या. हेमांगीनेही ऐकलं. ती रोज माझ्यापर्यंत पुसत यायची. पंधरवड्यात तिचं माझ्याजवळ येऊन उठणं बदललं. दाराची चौकट धरायची, डोळे मिटायची, ओठ चावायची.

मग रात्री कुशीवर वळताना तिचं कण्हणं ऐकू यायला लागलं. सलवार घालायला पाय उचलला की कळ. एका पायावर भार आला की कळ. सुमतीबाई म्हणायच्या, "दिवस भरत आले की दुखतंच. सगळ्यांचंच दुखतं." हे 'सगळ्यांचंच' ऐकलं की माझ्या विटा तापायच्या. सगळ्यांचं दुखतं म्हणून हिचं कमी दुखतं का?

तिचा नवरा सलिल तिला फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेला. तिथल्या उत्तरा मॅडमनी सांगितलं की ओटीपोटाखाली दोन हाडं जुळतात तो सांधा फार सैल झालाय. उकिडवं बसणं बंद. मांड्या फाकवून चालणं बंद. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. कमरेला पट्टा. आणि घरात पाय उंच उचलावा लागेल असं काही ठेवू नका.

म्हणजे मीच की!

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे संडास गॅलरीच्या टोकाला आहे. तिथे सलिलने कमोडची खुर्ची ठेवली होती, म्हणजे बसायची सोय झाली. पण तिथवर जायचं तर आधी मला ओलांडायचं. सलिलने माझ्या दोन्ही अंगांना पाट लावून पाहिले, ते सरकले. शेवटी तो म्हणाला, "आई, हा काढूनच टाकू या का?"

"वेडा आहेस का? गरोदर बाई घरात असताना कुणी ठोकाठोकी करतं? काही झालं बाळाला, म्हणजे? बाळंतपण होऊ दे, मग हवं ते फोड."

"बरं, बघू," सलिल म्हणाला. हा मुलगा फार 'बघू' म्हणतो. सकाळी उठून घोडबंदरच्या ऑफिसला निघून गेला.

आता, जे मला ठाऊक होतं आणि त्या घरात कुणालाच नव्हतं, ते सांगतो. आठव्या महिन्यात, शाळेतून रजा घेतल्यावर, हेमांगी मला दिवसातून दहा-बारा वेळा ओलांडायची. मग सहा वेळा. मग चार. एका दिवशी दोनदाच. दारातलं कण्हणं कमी, म्हणून सुमतीबाई खूश. "बघ, कमी झालं की नाही दुखणं!" कमी झालं नव्हतं हो. तिने पाणी प्यायचं जवळजवळ सोडलं होतं. भरलेला पेला ती खिडकीतल्या तुळशीत ओतायची. मी बघत होतो. दगडाला ओरडता येत नाही, याचा एवढा राग मला कधी आला नव्हता.

मंगळवारी दुपारी ती आली. चौकट धरली. उजवा पाय उचलायला गेली, जमेना. डावाही जमेना. तळवे नुसते फरशीवर घासत राहिले. ओठ सुकून पांढरे पडले होते. "आई," तिने हाक मारली. पण सुमतीबाई हात पुसत येईपर्यंत तिचा ताबा सुटला होता. थोडीशीच, गडद पिवळी लघवी माझ्यावरून ओघळली. सकाळच्या कुंकवावरून.

हेमांगी रडत म्हणाली, "मी पुसते, आई. मी पुसते ना."

सुमतीबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग तिच्याकडे. "एवढीच झाली? आणि असा रंग? पाणी किती प्यालीस आज?"

"नाही प्याले. पाणी प्यायलं की जावं लागतं. हा ओलांडावा लागतो."

"किती दिवस?"

"आठ-नऊ."

सुमतीबाईंनी तिला धरून खुर्चीवर बसवलं, तांब्याभर पाणी हातात दिलं. आणि खलातला लोखंडी बत्ता घेऊन माझ्यासमोर बसल्या. पहिला घाव बसला तशी शेजारची हौसाबाई धावत आली.

"अवो सुमतीबाई! पोटुशी बाई घरात, अन् फोडाफोडी करताय? पोराला काय झालं म्हंजे?"

"व्हायचं ते या उंबरठ्यापायी आत्ताच होतंय, हौसाबाई! नऊ दिवस तहानलेलं ठेवलंय मी पोरीला. आता आणखी कशाला घाबरायचं?"

हौसाबाईने पदर खोचला. म्हणाली, "बत्त्यानं काय व्हतंय! थांबा, आमच्यांची छिन्नी आनते."

दुखलं का? दुखलं. पण मी म्हणत होतो, मारा, अजून मारा!

संध्याकाळी सलिलने विटा उचलल्या. डॉक्टरांनी तपासलं, बाळ ठीक आहे. हेमांगीचं दुखणं गेलेलं नाही. बाळंतपणापर्यंत राहील म्हणतात, कदाचित नंतरही थोडं. पण ती आता पाय न उचलता, सरकत सरकत जाते. कितीही वेळा.

मी तीन तुकड्यांत गॅलरीच्या कठड्याखाली पडलोय. कुंकू नाही, रांगोळी नाही. उद्या कचरेवाला नेईल. खंत नाही. तुमच्या घरात अशी कुणी असेल तर तिला 'दुखतंय का' एवढं विचारून थांबू नका, ती 'नाही' म्हणेल. तिने काय काय सोडलंय ते बघा. आणि 'बघू' म्हणू नका.

ती बघा, हेमांगी आलीच. तुम्ही दारात उभे आहात. जरा सरका ना!