सोनोग्राफीच समजा

समजावून सांगायचा कंटाळा माणसाला कुठे नेऊन आपटेल याचा नेम नाही. सृष्टी शेवाळेला त्याने पार खड्ड्यात घातलं.

सातपूरच्या पुढे, त्र्यंबक रोडवरच्या एका कॉलेजात ती पीएच.डी. करत होती. काम उंदरांवर. मेंदूला इजा होऊन ज्यांचा पुढचा डावा पाय आखडलाय अशा उंदरांच्या डोक्याला ती एक छोटी डबी टेकवायची. डबीतून कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी निघायच्या, कवटीतून आत जाऊन मेंदूतल्या एका ठिपक्यावर एकवटायच्या आणि तिथल्या झोपलेल्या पेशींना जागं करायच्या. चिरफाड नाही, काही नाही. फक्त हे इजेनंतरच्या पहिल्या महिन्यात आणि रोजच्या रोज व्हायला हवं. महिना उलटला की आखडलेला पाय कायमचा आखडला.

पण एवढं ऐकून घ्यायला थांबतो कोण? वॉचमनने विचारलं, होस्टेलच्या मुलींनी विचारलं, आई तर दर फोनला विचारायची. मशीनच्या उद्घाटनाला संस्थेचे विश्वस्त खंडेरावआप्पा आले आणि म्हणाले, "पोरी, हे नेमकं काय हाय गं?" सृष्टीने मेंदूपासून सुरुवात केली तर आप्पांना जांभई आली. ती वैतागली.

"सोनोग्राफीच समजा, आप्पा."

"मग तसं सांग ना!" आप्पा खूश. लगेच त्यांनी पेपरात बातमी छापून आणली, 'संस्थेत नवे सोनोग्राफी मशीन दाखल'. बातमीत उंदरांचा पत्ता नव्हता. फोटोत मशीनही अर्धंच होतं, बाकी सगळे आप्पा.

इकडे उंदीर सुधारत होते. त्यातल्या एकाला ती लंगडोबा म्हणायची. त्याने एका सकाळी डाव्या पायाची आवळलेली मूठ सोडली आणि शेंगदाण्याकडे बोटं पसरली. जेमतेम पसरली, पण पसरली. सृष्टी बंद खोलीत एकटीच नाचली.

त्याच आठवड्यात तपासणीचं पथक दारात उभं राहिलं. बातमी वाचून कुणीतरी तक्रार केली होती की नोंदणी न करताच सोनोग्राफी मशीन आणलंय. पोटातलं मूल मुलगा की मुलगी हे पाहायला बंदी आहे, म्हणून असं प्रत्येक मशीन सरकारदरबारी नोंदवावं लागतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सृष्टीलाही ठाऊक होतं. तो शब्द तोंडातून काढताना तेवढं आठवलं नाही.

"मॅडम, याला स्क्रीनच नाहीये," तिने पथकाच्या प्रमुख डॉ. पगारबाईंना सांगितलं. "यात काहीच दिसत नाही."

"स्क्रीन काढून ठेवता येतो."

"अहो, हे उंदरांसाठी आहे!"

पगारबाई हसल्या नाहीत. "मागं एका गोठ्यात मशीन सापडलं. म्हशींसाठी आहे म्हणाले. गोठ्याबाहेर पोटुशा बायका बसल्या होत्या." त्यांनी बातमीचं कात्रण पुढे केलं. "सोनोग्राफी हा शब्द कुणाचा?"

"माझा," सृष्टी म्हणाली.

डबी, वायरी, सगळं कापडात गुंडाळलं गेलं. गाठीवर लाख ओतली, वर शिक्का. सृष्टीला ओरडायचं होतं. पण गोठ्याबाहेरच्या त्या बायका एकदा डोळ्यांपुढे आल्यावर ओरडणार कोणावर? पगारबाईंवर राग धरावा तर त्यांचं काही चुकलं नव्हतं, हीच तर चीड आणणारी गोष्ट होती.

मग हेलपाटे सुरू झाले. या मशीनने गर्भ दिसत नाही असा तज्ज्ञाचा दाखला आणा, मग सील काढू. तज्ज्ञ म्हणाले, मशीन उघडून पाहिल्याशिवाय दाखला कसा देऊ? तिचे गाईड खैरनार सर म्हणाले, धीर धर. आप्पा तर उलट तिच्यावरच रुसले, एवढी चांगली बातमी दिली त्याचं हे फळ! आणि पिंजऱ्यात लंगडोबाची बोटं रोज थोडी थोडी मिटत चालली. ती गरम फडक्याने त्याचा पाय शेकायची, बोटं हाताने उघडायची. सोडली की पुन्हा मूठ.

शेवटी पगारबाईंनीच तोडगा काढला. "नोंदवून टाका. उंदरांचं का असेना." नोंदणी झाली आणि नियमाप्रमाणे पाटीही आली. 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.' ती उंदरांच्या पिंजऱ्यांवर टांगली गेली. बघणारे हसून बेजार. सृष्टीला पाटी उचलून आपटावीशी वाटली.

सील निघालं तेव्हा महिना उलटून गेला होता. तिने लंगडोबाच्या डोक्याला डबी टेकवली. काही नाही. परत टेकवली. मूठ आवळलेलीच. मागे खैरनार सर कधी येऊन उभे राहिले ते तिला कळलंही नाही.

"मध्ये खंड पडला, सृष्टी. ही तुकडी बाद धरायची."

"याची बोटं उघडली होती, सर. मी बघितलं."

"बघितलं असशील. आता ते धरता येत नाही." सर क्षणभर घुटमळले. "बाद तुकडी जिवंत ठेवताही येत नाही. तुला माहितीये."

तिला माहीत होतं. सुया तिने स्वतःच भरल्या, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. लंगडोबाला सगळ्यात शेवटी घेतलं. सुई दिल्यावर तो तिच्या तळहातावर जडावला, मग त्याचं अंग सैल पडलं. आणि डाव्या पायाची मूठ आपोआप सुटली, चारही बोटं पूर्ण, लांब, मोकळी. एवढी ती कधीच उघडली नव्हती. ती बोटं धरून सृष्टी ढसाढसा रडली.