रिव्हॉल्व्हर कुठे बांधायचं

झखारला अस्वलाने धरलं तेव्हा रिव्हॉल्व्हर त्याच्या अंगावरच होतं. गावात ही हकिगत ज्याने त्याने आपापल्या परीने सांगितली. पण ते उजव्या कमरेला होतं, त्यावर रेनकोट होता, रेनकोटवरून सॅकचा पट्टा आवळलेला होता आणि झखारचा हात त्या थरांमध्ये नुसता चाचपडत राहिला, एवढं सगळ्यांच्या सांगण्यात सारखं होतं. सॅकमध्ये हरणाचं मांस होतं. अस्वलाने शेवटी ती सॅक फाडून नेली, म्हणून तो वाचला. उजवा खांदा मात्र कामातून गेला. आता हात ताटापर्यंत यायचा, त्याच्या वर नाही.

हे गेल्या पानगळीतलं. जुलै लागला तसे अलास्कातल्या कोडियाक बेटावरच्या नद्यांमधून सॅल्मन मासे चढायला लागले. झखारचे दोघे भाऊ मोठ्या बोटींवर कामाला गेले होते, ते हंगाम संपल्याशिवाय परतणार नव्हते. हिवाळ्यासाठी मासे धुरावर वाळवून ठेवायचे तर नदीवर कोणीतरी जायलाच हवं होतं. झखारची बायको मात्रोना याबद्दल घरात काही बोलली नाही. एका सकाळी तिने कपाटाच्या वरच्या फळीवरून ते रिव्हॉल्व्हर काढलं, जुन्या टॉवेलात गुंडाळलं आणि स्पिरिडनकाकांच्या शेडमध्ये जाऊन त्यांच्यापुढे ठेवलं.

स्पिरिडनकाका झखारचे सख्खे काका. तरुणपणी बाहेरून येणाऱ्या शिकाऱ्यांना रानात घेऊन जायचे. आता गुडघे धरल्यामुळे शेडमध्ये बसून चामड्याची कामं करायचे, हत्यारांची होल्स्टरं म्हणजे म्यानं शिवायचे. त्यांनी टॉवेल उलगडला. मोठ्या चौकटीचं, लांब नळीचं, वजनाला दगडासारखं ते हत्यार त्यांच्या ओळखीचं होतं.

"त्याला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"झोपलाय तो."

"म्हणजे नाही. मग रायफल का नाही नेत?"

"नेईन की. पण जाळं ओढायला दोन्ही हात लागतात. मासे साफ करायला दोन्ही हात लागतात."

"हं. झाडाला टेकवली की ती त्या झाडाची रायफल," काका म्हणाले. "बरं, जा. रबरी विजार, रेनकोट, सॅक, सगळं चढवून ये. सॅक भरून आण. घरातल्या कपड्यांवर सगळीच होल्स्टरं छान दिसतात, सूनबाई. आरशासमोर उभी राहायला चालली नाहीयेस तू."

ती सगळा जामानिमा करून आली. छातीपर्यंत येणारी रबरी विजार, वर रेनकोट, पाठीवर सॅक. काकांनी भिंतीवरचं कमरेचं होल्स्टर आधी काढलं. रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची त्यांनी चक्री उघडून खात्री केली, तिलाही बघायला लावलं, आणि मगच ते आत सरकवलं. सॅकचा पट्टा बरोबर मुठीवर येत होता. पट्टा वर घेतला तर पोट आवळायचं, खाली घेतला तर सॅक घसरायची.

"काढ," काका म्हणाले.

तिने कोटाची कड वर केली, हात खाली घातला. रबरावर कापड घासल्याचा आवाज झाला. बोटांना मूठ लागली, पण ती पट्ट्याखाली अडकलेली. तिने ओढलं. पुन्हा ओढलं. तो घासल्याचा आवाज ऐकता ऐकता तिच्या कानशिलांवर घाम आला. झखारनेही शेवटी हाच आवाज ऐकला असेल, हे तिच्या मनात आलं आणि तिचा हात तिथेच थांबला.

"काढा हे," ती म्हणाली. "मला नको."

काकांनी ते उतरवलं आणि काखेतलं होल्स्टर दिलं. डाव्या काखेखाली रिव्हॉल्व्हर आडवं बसत होतं, नळी मागे, मूठ पुढे. पट्ट्याची अडचण नाही, वजनही खांद्यांवर वाटलं गेलेलं. मात्रोनाने हात आडवा नेला आणि ते सहज बाहेर आलं. तिला हायसं वाटलं.

"हेच घेते."

"वळू नकोस," मागून आवाज आला.

झखार दारात उभा होता. चर्च आणि वाफेची न्हाणी सोडली तर तो महिनोन्महिने घराबाहेर पडला नव्हता. अंगात बनियन, पायात न बांधलेले बूट. तिने रिव्हॉल्व्हर पुन्हा काखेत ठेवलं होतं आणि तो तिच्या पाठीकडून त्या नळीच्या तोंडाकडे बघत होता.

"त्याची नळी माझ्याकडे आहे," तो म्हणाला.

"रिकामं आहे रे."

"मला कळतंय रिकामं आहे. नदीवर भरलेलं असेल. आणि मी तुझ्या मागेच चालणार आहे."

काकांनी हातातली सुई खाली ठेवली. मात्रोना वळली नाही. तो येणार आहे हे ती तेव्हा पहिल्यांदाच ऐकत होती, आणि तिला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. एकटीने जायचं तर एकाच जिवाची काळजी होती.

"तुझ्या हाताचं काय?" तिने विचारलं.

"डोळे आहेत ना. तू वाकलेली असशील तेव्हा कोणीतरी बघायला नको?"

शेवटी काकांनी तिसरं काढलं. छातीवर तिरपं बसणारं, एक पट्टा खांद्यावरून, एक पाठीमागून. सॅकचे दोन्ही बंद त्याच्या बाजूंनी गेले, कमरेचा पट्टा त्याच्या खाली राहिला, आणि कोट घातला तरी हे सगळं कोटाच्या वर. नळी खाली, डाव्या मांडीच्या बाहेर. काकांनी पट्टे कमी-जास्त केले. तिला जोरात श्वास घ्यायला लावला, कारण घाबरल्यावर छाती भात्यासारखी हलते आणि आवळून बांधलेलं होल्स्टर तेव्हा काचतं. रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावरून येणारी चामड्याची पट्टी अंगठ्याने सोडवायची होती. ती टचकन सुटायची.

"आता उताणी पड," झखार म्हणाला.

"काय?"

"पड. उभं राहून कोणालाही काढता येतं."

ती सॅकसकट जमिनीवर आडवी झाली, उलट्या पडलेल्या कासवासारखी. काका म्हणाले, "लग्नात तरी हिला एवढी नाचवली होतीस का रे?" मात्रोना हसली. झखार हसला नाही.

"उजव्या हाताने काढ. बरं. ठेव. आता डाव्या हाताने."

डाव्या हाताने मनगट मोडल्यासारखं वळवावं लागलं, पण ते निघालं. मग झखार तिच्याशेजारी गुडघ्यावर बसला आणि त्याने आपला डावा हात तिच्या खांद्यावर टेकवून वजन टाकलं. "आता काढ," तो म्हणाला. त्याचा चेहरा तिच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ होता. तिने काढलं. तरी तो उठला नाही. वजन वाढत गेलं. तो तिच्याकडे बघत होता, पण ती त्याला दिसत नव्हती. त्याचा श्वास तोंडाने चालला होता आणि ओठाच्या कोपऱ्यात लाळ जमली होती.

"झखार," ती म्हणाली. "झखार, मी आहे."

काकांनी त्याला काखेत हात घालून मागे ओढलं. तो भिंतीला टेकून बसला, आणि कोणी काही विचारण्याआधी म्हणाला, "हेच घे. छातीवरचं."

त्या दिवशी मात्रोनाला खरी भीती कळली. अस्वल रानात होतं तितकंच तिच्या घरातही राहत होतं, रोज तिच्या शेजारी झोपत होतं.

दोन दिवसांनी दर्या शांत झाला तेव्हा ते होडीने खाडी ओलांडून नदीच्या मुखाशी उतरले. पुढची वाट आल्डरच्या दाट झुडपांतून होती, आणि झुडपं संपली की डोक्याच्या वर जाणारं गवत. मात्रोना पुढे, झखार मागे, रायफल त्याच्या डाव्या खांद्याला अडकवलेली. ती मोठ्याने बोलत चालली होती, म्हणजे अस्वलांना आधीच कळावं. काय बोलावं ते सुचेना, म्हणून ती शेजाऱ्यांच्या कोंबड्यांबद्दल बोलत होती.  मागून झखारचा डावा हात मधूनमधून तिच्या सॅकला लागायचा.

वाटेत अर्धा खाल्लेला मासा पडला होता. त्याचा डोळा अजून चकचकीत होता.

मात्रोनाचं बोलणं थांबलं. वारा त्यांच्या तोंडावर होता, म्हणजे पुढे जे कोणी असेल त्याला यांचा वास लागलेला नव्हता. डावीकडच्या गवतात काहीतरी पळालं, लहान, पाठोपाठ दुसरं लहान. आणि मग समोरचं गवत मधोमध दुभंगलं.

रिव्हॉल्व्हर कधी हातात आलं ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. पट्टी सुटल्याचं टचकन तेवढं ऐकू आलं. अस्वलीण मान खाली घालून येत होती, कान मागे, आणि पायांखालची जमीन खरोखर हादरत होती. मात्रोनाने अंगठ्याने घोडा मागे ओढला. नळीच्या टोकावर तिला आधी गवत दिसलं, मग नुसता तपकिरी रंग.

अस्वलीण थांबली. एका होडीच्या लांबीएवढं अंतर असेल. पुढचे पाय जमिनीत रुतले, मातीची ढेकळं मात्रोनाच्या विजारीवर आली. अस्वलीण जबडे आपटत होती, सुकं लाकूड मोडावं तसा आवाज. कुजक्या माशांचा वास आला.

"आम्ही तुझ्या पोरांच्या वाटेला जात नाही," झखार म्हणाला.

त्याचा आवाज शेजारणीशी बोलावं इतका साधा होता. त्याची आजी अस्वलांशी असंच बोलायची. "तू त्यांना घे आणि जा. आम्ही इथेच उभे आहोत. मासे सगळ्यांना पुरतील. जा बाई, जा."

त्याचा हात सॅकच्या कडीला गच्च धरून होता आणि त्या हाताचा कापरा मात्रोनाच्या पाठीत उतरत होता. आवाजात मात्र तो नव्हता. अस्वलीण एकदा फुरफुरली, आडवी वळली, आपलं सगळं अंग त्यांना दाखवलं, आणि पिल्लं गेली होती त्या बाजूला गवतात शिरली. बराच वेळ गवत हलताना दिसत होतं, मग तेही थांबलं.

"गेली," झखार म्हणाला.

मात्रोना तशीच उभी होती. घोडा ओढलेला, बोट चापावर. नळीचं टोक वर्तुळं काढत होतं. बोट काढायचं हे तिला कळत होतं, पण बोट तिचं ऐकत नव्हतं. नुसत्या श्वासानेही गोळी सुटेल असं तिला वाटलं.

"झखार, मला हे उतरवता येत नाहीये."

"हलू नकोस. नळी खाली, पुढच्या शेवाळ्यात. हळू. आणखी हळू."

तो तिच्या बाजूला आला. उजवा हात वर जाईना, म्हणून त्याने डावा पुढे केला आणि घोडा व चौकट यांच्या मधल्या फटीत आपला अंगठा घातला. "आता धर घोडा. चाप दाब. सुटला तर माझ्या अंगठ्यावर पडेल, गोळीवर नाही. दाब."

"तुझा अंगठा..."

"दाब ना, बाई."

तिने दाबला. घोडा तिच्या घामट अंगठ्याखालून निसटला आणि त्याच्या नखावर आदळला. झखारने दातांतून श्वास ओढला. पण बार झाला नाही. तिने चापावरचं बोट काढलं, घोडा पुन्हा धरला, त्याने अंगठा काढून घेतला आणि तिने घोडा सावकाश खाली आणला. मग ते छातीवरच्या होल्स्टरमध्ये घालायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला. शेवटी पट्टी त्यानेच लावली, रक्ताळलेल्या हाताने.

दोघं वाटेतच खाली बसले. तिला रडू येत होतं आणि येत नव्हतं. तिने आपल्या रुमालाने त्याचा अंगठा बांधला. नखाखाली काळंनिळं व्हायला लागलं होतं.

"परत जायचं?" तिने विचारलं.

तो गवताकडे बघत राहिला. "परत गेलो तर मी पुन्हा यायचो नाही," तो म्हणाला. "तुझं तू बघ."

ते नदीवर गेले. तिने जाळं टाकलं, ओढलं, मासे साफ केले. पाण्याकडे तोंड, रानाकडे पाठ. तो काठावर रायफल मांडीवर घेऊन रानाकडे तोंड करून बसला. एकेक मासा पाण्यात उसळला की दोघं दचकायचे आणि एकमेकांकडे न बघता पुन्हा आपापल्या कामाला लागायचे. कडक बिस्किटं आणली होती, ती कोणालाच गिळवली नाहीत.

त्या उन्हाळ्यात ते आणखी बऱ्याचदा गेले. अस्वलं दिसली, लांबून. रिव्हॉल्व्हर पुन्हा काढावं लागलं नाही. धुराच्या झोपडीतल्या काठ्या माशांनी भरल्या, भावांच्या बायकांनाही वाटणी गेली. काका विचारायचे, "काय सूनबाई, आता सवय झाली ना?" आणि ती हो म्हणायची. पण होडी किनाऱ्याला लागली, की तिच्या तोंडाला कोरड पडायची ती पडायचीच. तेव्हा झखार होल्स्टरचे पट्टे एकदा ओढून बघायचा, तीही त्याच्या बुटांच्या नाड्या बघायची, आणि मग दोघं आल्डरमध्ये शिरायचे.